ताईबाईच्या बारा झोळ्या

माझी आणि ताईबाईची पहिली भेट झाली तेव्हा मी पाच महिन्यांचा होतो आणि तिने मला हुकाला टांगलं होतं. जळगावच्या मधुवंती टॉकीजच्या लेडीज व्हरांड्यात, जमिनीपासून अडीच हात उंच, जुन्या लुगड्याच्या झोळीत मी लोंबकळत होतो. उजवीकडे एका पोस्टमनचं पोर होतं आणि डावीकडे एका पैलवानाची मुलगी, जी बापाच्याच आवाजात रडायची. आई सांगते की त्याआधी थेटरात मी अशी काही किंकाळी फोडली होती, की पडद्यावरचा नायक गाणं विसरून प्रेक्षकांकडे बघू लागला, बाहेर उभा असलेला घोडा टांग्यासकट पिंप्राळ्यापर्यंत पळाला, आणि बुकिंगच्या खिडकीतला माणूस बिचारा दंगल झाली असं समजून गल्ला पोटाशी धरून टेबलाखाली बसला. एवढं झाल्यावर अंधारातून एक बाई बॅटरी घेऊन आली. तिने मला आईच्या मांडीवरून उचललं, काखेत मारलं, आणि बाहेर नेऊन सात नंबरच्या हुकाला अडकवलं. मी गप्प झालो. माझ्या पुढच्या आयुष्यात मला इतक्या झटकन गप्प करणारं माणूस भेटलेलं नाही, आणि मी लग्न केलेला माणूस आहे.

ही ताईबाई मूळची पारोळ्याची. तिचा नवरा, झुलाल त्याचं नाव, टॉकीजची पोस्टरं चिकटवायचा. एकदा शिडीवरून पडला तो उठलाच नाही. टॉकीजच्या शेठने तिला लेडीजच्या दारावर गेटकीपर म्हणून बसवलं. तेव्हा बायकांची बसायची जागा वेगळी होती आणि तिचं दारही वेगळं. पुरुष कामावर गेले की बाया तीनच्या शोला यायच्या, आणि येताना पोरं आणायच्या. घरी ठेवणार कोणाकडे? सिनेमाला चाललोय हेच मुळात घरी सांगितलेलं नसायचं. मग आत बारा पोरं बारा सुरांत रडायची आणि पलीकडून पुरुष शिट्ट्या मारायचे.

व्हरांड्यात शेठने दिवाळीच्या माळांसाठी बारा लोखंडी हुक ठोकले होते. ताईबाईने त्यांना बारा झोळ्या बांधल्या. बाराही झोळ्यांच्या दोऱ्या एका जाड दोरीला, आणि त्या दोरीचं टोक तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला. दाराशी स्टुलावर बसून, सुपारी कातरत, ती एका अंगठ्यावर जळगावची पुढली पिढी हलवत असे. आत दुःखाचं गाणं लागलं की झोके लांब पडत, मारामारी सुरू झाली की भरभर. आमच्या वयाची जळगावातली कितीतरी माणसं अजून दुःखाचा सीन आला की पेंगतात. त्याचं कारण हे आहे.

आणि तिचा एक नियम होता. पोर झोळीत घालताना ती आईचं तिकीट मधोमध फाडायची. अर्धा तुकडा दोऱ्याने पोराच्या मनगटाला, अर्धा आईच्या हातात. सिनेमा सुटला की दोन तुकडे जुळवायचे आणि मगच पोर ताब्यात मिळायचं. हा नियम उगाच आला नव्हता. पहिल्याच वर्षी एक आजीबाई घाईघाईत दुसऱ्याचाच नातू घेऊन गेल्या होत्या. रस्त्यात त्याने लंगोट ओला केला, तो बदलताना त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला नात आहे. दोन घरांत काठ्या निघाल्या. शेठ ताईबाईला म्हणाला, पुन्हा असं झालं तर तू घरी.

तेव्हापासून ताईबाई म्हणजे कलेक्टर कचेरी. फौजदाराच्या बायकोने तुकडा हरवला, तिलाही पोर मिळालं नाही. ताईबाईची सख्खी बहीण आली, तिलाही नाही. तुकडा हरवलेल्या बाईला ती स्वतःची बॅटरी द्यायची आणि आत पाठवायची. ती बाई बाकांखाली शेंगांची फोलपटं उपसत फिरायची आणि बाकीच्या दारात उभ्या राहून तिला हसायच्या. माझी आई दोनदा अशी गेली आहे. दुसऱ्या वेळी तिला तिकिटाबरोबर कोणाची तरी चांदीची जोडवी सापडली, त्यामुळे आमच्या घरात ताईबाईच्या नियमाबद्दल आदरच होता. सगळ्या गावाला तो नियम गमतीचा वाटायचा. मलाही वाटायचा.

१९८३ च्या उन्हाळ्यात, मी नऊ वर्षांचा असताना, तीनच्या शोला वरच्या मशीनच्या खोलीत वायर जळाली. आवाज घुमू नये म्हणून छताला आतून गोणपाट मारलेलं होतं. त्याने धग धरली. जाळ असा फार झाला नाही, पण धूर खाली उतरला. बाया लेडीजच्या दारातून एकमेकींवर पडत बाहेर आल्या. व्हरांड्यात त्या दिवशी नऊ झोळ्या भरलेल्या होत्या.

ताईबाई जागची हलली नाही. तिने एकेक पोर उतरवलं, एकेक तुकडा जुळवला आणि पोर हातात दिलं. त्या गोंधळात एकही पोर चुकीच्या हातात गेलं नाही. आठ पोरं गेली. नवव्या झोळीतल्या मुलीची आई पुष्पलता, वीस वर्षांची, रावेरला दिलेली आणि बाळंतपणासाठी पिंप्राळ्याला माहेरी आलेली. तिने पोलक्यात हात घातला, तुकडा नव्हता. ती म्हणाली, अक्का, आत पडला वाटतं. ताईबाईने रोजच्या सवयीने बॅटरी पुढे केली. पुष्पलताने रोजच्या सवयीने ती घेतली.

धूर निवल्यावर माणसांनी तिला तिसऱ्या बाकाखालून ओढून काढलं आणि व्हरांड्यात ठेवलं. हवालदाराने पंचनाम्यासाठी तिच्या पदराची गाठ सोडली. गाठीत चार आण्यांची दोन नाणी होती, एक सेफ्टी पिन होती आणि तिकिटाचा अर्धा तुकडा होता.

दिवे लागायच्या सुमाराला पिंप्राळ्याहून पुष्पलताचे वडील आले. तोवर ती तीन महिन्यांची मुलगी ताईबाईच्या मांडीवर होती. ताईबाईने ती त्यांच्या हातात दिली. त्यांच्याकडे तिने तिकीट मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने बाराही झोळ्या सोडल्या. तिला कोणी दोष दिला नाही, कारण तिने काय केलं ते कोणाच्या लक्षातच आलं नाही. जो तो आपापलं पोर उचलून पळालेला. पुष्पलता आत कशी राहिली, याबद्दल लोकांनी आपल्याला सुचेल ते ठरवून टाकलं. आणि ताईबाईला कोणी विचारलंही नाही.

टॉकीज पुढे पंचवीसेक वर्षं चाललं, म्हणजे टीव्हीने ढकलेपर्यंत. तशी सगळीच गेली. पारोळ्याच्या टॉकीजात कापूस भरला. धुळ्यातल्या एकाचं मंगल कार्यालय झालं. तिथे मी एका लग्नाला गेलो होतो, नवरा-नवरी बरोबर पडद्याच्या जागी उभी होती आणि मागच्या रांगेतला एक म्हातारा 'आवाज' म्हणून ओरडला. मधुवंतीचं नशीब त्या मानाने खान्देशी निघालं. खिडक्या नाहीत, भिंती दीड हाताच्या, आत काळोख. केळी पिकवायला याहून चांगली जागा सरकारलाही बांधता आली नसती. एका व्यापाऱ्याने खुर्च्या उपटल्या, थंडाव्याची मशीनं बसवली आणि चेंबर केलं. जिथे आम्ही स्टॉलच्या बाकांवर पिकलो, तिथे आता केळी पिकतात. फरक इतकाच की केळ्यांना चार दिवस पुरतात.

दोन वर्षांपूर्वी मी ते बघायला गेलो. व्हरांड्यात एक वाळलेली म्हातारी केळीच्या फण्या निवडून कॅरेटमध्ये रचत होती. मी नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, गल्ली सांगितली. तिला काही ओळख पटेना. मग मी आईचं नाव सांगितलं.

"सात नंबर," ती म्हणाली. "लई आरड्या व्हता तू."

पंच्याहत्तरी ओलांडलेल्या बाईने मला पन्नासाव्या वर्षी हुकाच्या नंबराने ओळखलं. मी हुरळून गेलो आणि पुढले चार महिने दर रविवारी तिच्याकडे जाऊन बसलो. ती माझ्या लेखनाचा धंदा ऐकून म्हणायची की कागद फाडायचं काम तिनेही केलंय, पण तिला त्याचा पगार मिळायचा.

 एका रविवारी मला हाताला धरून तिने नुकत्या उतरवलेल्या कॅरेटांपाशी नेलं आणि वर काय लिहिलंय ते वाच म्हणाली. प्रत्येक कॅरेटवर लाल रंगात लिहिलेलं होतं, 'पुष्पलता, रावेर'. तिला वाचता येत नव्हतं, पण गाडीचा ड्रायव्हर मुख्तार बोलताना नाव घ्यायचा. तिने त्याला खोदून विचारलं होतं. मुख्तारने सांगितलं की पॅकिंग हाउसची मालकीण दिपमाला नावाची बाई आहे, पुष्पलता तिची आई, आणि ती म्हणे जळगावच्या कुठल्या टॉकीजात मेली. आपण रोज त्याच टॉकीजात माल उतरवतो, हे मुख्तारला माहीत नव्हतं.

मग ताईबाईने कनवटीचा बटवा सोडला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक पिवळा पडलेला कागदाचा कपटा काढला. पोराच्या मनगटाला बांधायच्या दोऱ्याचं भोक अजून दिसत होतं. आणि जे तिने कोणाला सांगितलं नव्हतं ते मला सांगितलं. मी सात नंबरचा, दुनियेला हसवून पोट भरणारा माणूस, कपट्यावरचा नंबर वाचत बसलो.

"माले रावेरले लई चाल," ती म्हणाली. तिला रावेरला जाऊन ते पुष्पलताच्या लेकीला स्वतःच्या तोंडाने सांगायचं होतं, डोळे मिटायच्या आत.

मी तिला गाडीतून नेलं. भुसावळपर्यंत ती वाक्यं घोकत होती, शाळकरी पोरं कविता घोकतात तशी. 

दिपमाला चाळिशी ओलांडलेली बाई. पदर खोचलेला, कानाला फोन, आणि आवाज असा की ट्रॅक्टर उलटा वळवायला ड्रायव्हरला आरसा लागू नये. जुन्या टॉकीजातून आलोय म्हटल्यावर तिने फोन ठेवला. ऑफिसात पुष्पलताचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. आम्ही काही बोलायच्या आत तिनेच सांगायला सुरुवात केली. हे तिने खूप वेळा सांगितलं असणार, कारण कामाच्या बाया न थांबता, पुठ्ठ्याच्या खोक्यांना पट्ट्या मारत ऐकत होत्या. आग लागली तेव्हा आई बाहेर पडली होती, पण बाळ आत राहिलं होतं, म्हणून आई परत जाळात गेली. बाळ दारातून बाहेर दिलं आणि मागे छत पडलं. वडिलांनी दुसरं लग्न केलं, सावत्र आईने हाल केले, पण ती कधी रडली नाही. तिच्यासाठी एक माणूस जाळात गेलं होतं, त्या माणसाला लाज वाटेल असं तिला जगायचं नव्हतं.

"तुम्ही होत्या ना तिथे, अक्का?" तिने विचारलं. "असंच झालं ना?"

ताईबाई फोटोकडे बघत होती. "हो माय," ती म्हणाली.

आम्ही चहा घेतला. दिपमालाने तिच्या पाया पडून घेतलं. मी ताईबाईला गाडीत बसवलं आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. मी चावी फिरवली. तेवढ्यात तिने दार उघडलं, खाली उतरली आणि शेडकडे चालू लागली. मी मागे धावलो.

"मी तिकीट मांगं," ती दिपमालासमोर उभी राहून म्हणाली. घोकलेलं सगळं ती विसरली होती. "तुनी माय बाहेर येल व्हती. तू बी बाहेरच व्हती, झोळीमा. मी म्हनं, अर्ध तिकीट दखाड, मंग पोर लई जाय. ती तिकीट धुंडाले आत गयी."

पट्ट्या मारायचा आवाज थांबला.

"मी रडत होते?" दिपमालाने विचारलं.

"नही. निजेल व्हती."

"मी कोणाची, ते तुम्हाला माहीत नव्हतं का?"

"माहीत व्हतं," ताईबाई म्हणाली. "तीन आठवडा पासून येत व्हती ती."

"मग?"

  ताईबाईने कपटा पुढे केला. दिपमालाने तो बघितला, वरचा नंबर वाचला, पण हातात घेतला नाही.  मग तिने एका बाईला कप उचलायला सांगितलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "दादा, ऊन आहे. गाडीत एसी लावा त्यांना."

रावेरहून केळीशिवाय परत आलेला पाहुणा मी ऐकलेला नाही. आम्ही आलो.

वाटेत मी एक मूर्खासारखा प्रश्न विचारला. आता हलकं वाटतं का, असं.

"नही," ताईबाई म्हणाली. 

त्यानंतर ती सात महिने जगली. शेवटचा आठवडा सोडला तर कामावर जात होती. दहाव्याला रावेरहून कोणी आलं नाही. केळीची गाडी आली होती, पण ती रोजच येते. कॅरेटांवर आता नाव नसतं, नुसता नंबर असतो.