ताईचे सासरे आणि टरबुजाचा बर्फ

ताईच्या सासऱ्यांइतका शिस्तीचा माणूस अख्ख्या मराठवाड्यात झाला नसेल, आणि त्यांनी लावलेली शिस्त मनापासून पाळली ती फक्त बजाजनगरच्या कुत्र्यांनी. मूळचे ते पिशोरचे. उभी हयात एसटीत कंडक्टर म्हणून काढली आणि निवृत्त झाल्यावर मुलाकडे, म्हणजे माझ्या भावजींकडे, बजाजनगरला राहायला आले. ताई त्यांना मामा म्हणायची, म्हणून माझेही ते मामाच. पाहुणे दारात चपला काढायला वाकले, की आतून आवाज येई, "आत सरका, आत सरका, पुढं जागा हाय." दिवाणावर पाच माणसं बसली तरी सहाव्याला ते पाठीवर हात ठेवून बसवत. भावजी अजूनही त्यांच्यासमोर घड्याळ बघूनच घराबाहेर पडायचे.

कुत्र्यांचं वेड त्यांना फार उशिरा लागलं. त्या दुष्काळी उन्हाळ्यात नळाला आठवड्याने पाणी यायचं, तेही कुणाची करंगळी धुऊन निघेल एवढंच. बिल्डिंगमध्ये टँकर आला की सगळे पिंप घेऊन धावायचे. अशाच एका दुपारी पांढऱ्या पायांची एक तांबूस कुत्री जिन्याखाली येऊन पडली. मामांनी तिच्यापुढे ताटलीत पाणी ठेवलं, तिने मान उचलली नाही. भाकरी टाकली, तिने वासही घेतला नाही. ताईने चुकून फ्रीजरमध्ये ठेवलेली टरबुजाची फोड दगडासारखी झाली होती. फेकायचीच म्हणून मामांनी ती तिच्या तोंडाशी नेऊन ठेवली. कुत्रीने आधी एक डोळा उघडला. मग जीभ लावली. मग डोळे मिटून ती फोड अशी काही चाटत राहिली, की मामांनी वरून स्टूल आणवलं आणि तिच्यासमोर बसूनच राहिले. संध्याकाळी त्यांनी फ्रीजरमधले मटार आणि ताईची आंबा-बर्फी बाहेर काढली आणि जाहीर केलं, "ही जागा आता रिझर्व हाय."

ज्या माणसाने जन्मात चहा स्वतः गाळून घेतला नव्हता, तो दुसऱ्या दिवसापासून ओट्याशी उभा राहू लागला. टरबुजाची एकेक बी चाकूच्या टोकाने काढायची. पपई चांगली पिकलेलीच घ्यायची. केळं कुस्करून त्यात आंबट नसलेलं दही घालायचं. सगळं स्टीलच्या वाट्यांत भरून गोठवायचं. साखर नाही, मीठ नाही. मी एकदा हौसेने द्राक्षं घेऊन गेलो, तर त्यांनी पिशवी दारातूनच परत केली. "द्राक्ष अजाबात नाय. जनावरांच्या डॉक्टरला इचारलंय म्या. कुत्र्याच्या जिवावर बेततं." प्रत्येक घाण्यातली एक वाटी ते आधी स्वतः गंभीरपणे चाखत. एकदा उन्हातून आल्या आल्या त्यांनी माझ्याही हातात वाटी दिली.

"साखर जरा कमी वाटते," मी म्हणालो.

"त्यांना चालत नाय साखर."

"कुणाला?"

त्यांनी खिडकीतून खाली बोट दाखवलं. मी क्षणभर वाटीकडे पाहिलं, आणि खरं सांगायचं तर आणखी एक मागितली.

ती तांबूस कुत्री आपल्या मैतरांना घेऊन येऊ लागली, तशी मामांनी त्यांना नावं दिली, तीही आपल्या जुन्या रूटवरच्या गावांची. एक काळा कन्नड, एक कान फाटलेला पिशोर, आणि ती पहिली बिडकीन. दुपारी वाटीवर चमचा दोनदा वाजला की सगळी भिंतीकडेला ओळीने उभी राहत. "ए कन्नड, मागं हो! बिडकीन अगुदर!" हे ओरडणं रस्त्यावर ऐकू जाई, आणि नवख्या माणसाला बस कुठे लागली आहे ते कळत नसे.

तळमजल्यावरच्या वहिनींना मात्र कुत्र्यांची भीती वाटे. त्यांनी बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये तक्रार केली, की माणसांना प्यायला पाणी नाही आणि हे कुत्र्यांची भांडी धुतात. मामा ताडकन उठले. "ते माझ्या आंघोळीचं पाणी हाय!" त्यांना म्हणायचं होतं, की आपल्या वाट्याच्या बादलीतलं पाणी आपण वाचवतो. पण मामा आंघोळीचं पाणी गोठवून कुत्र्यांना देतात, असंच पुढे कितीतरी दिवस लोक सांगत होते. शेवटी ठरलं, की कुत्र्यांना आवाराबाहेर खायला घालावं. ओल्या गोणपाटात डबा गुंडाळून मामा भर दुपारी मैदानापलीकडच्या बाभळीखाली जाऊ लागले. ताई भांडली, भावजींनी हात जोडले. "टाइम म्हंजे टाइम," एवढंच उत्तर.

आणि व्हायचं तेच झालं. एके दिवशी बाभळीपाशी पोहोचता पोहोचता त्यांना घेरी आली आणि ते खाली बसले ते उठेनात. कुत्र्यांनी काही भुंकून कुणाला बोलावलं वगैरे नाही. डबा कलंडला होता आणि त्यांना काम होतं. खिडकीतून हे पाहिलं ते तळमजल्यावरच्या वहिनींनी. घरात दुसरं कुणी नव्हतं. हातात लाटणं घेऊन त्या अनवाणी धावल्या, कुत्र्यांच्या गराड्यात शिरल्या आणि डब्यात उरलेली टरबुजाची वाटी त्यांनी मामांच्या टाळूला, मानेला चोळली, थोडा बर्फ तोंडात घातला. मामांनी डोळे उघडले.

"वहिनी, पायाला पोळलं असंल तुमच्या," ते म्हणाले. मग जरा चघळून, "आज पपई पायजे होती."

वहिनी तिथेच रडायला लागल्या, आणि रडता रडता हसायलाही. दुसऱ्या दिवसापासून वाट्या पुन्हा जिन्याखाली आल्या. वहिनी दार किलकिलं करून उभ्या राहत आणि पिशोरला आपला म्हणत.

पुढे पाऊस बरे झाले. मैदानात इमारत उठली, रस्ता रुंद झाला, कुत्री एकेक करून पांगली. एका सकाळी बिडकीनही आली नाही. मामा उन्हातान्हात गल्लोगल्ली "बिडकीन! बिडकीन!" अशा हाका मारत फिरले. तिठ्यावर प्रवासी भरत फिरणारी एक काळी-पिवळी जीप कचकन थांबली आणि ड्रायव्हर म्हणाला, "बसा काका, बिडकीनलाच चाललोय."

एसटीच्या इमानापोटी जन्मात काळी-पिवळीत पाय न ठेवलेला तो माणूस त्या दिवशी गाडीत बसला. संध्याकाळ झाली तरी पत्ता नाही म्हणून ताईने मला बोलावून घेतलं होतं. दिवेलागणीला मामा धुळीने माखून परतले.

"गेलो होतो," चहा बशीत ओतत ते म्हणाले. "म्हटलं, गेलीच असंल तर गेली असंल तिकडं. लई कुत्री हायत तिथं. आपली नव्हती."

बशीतला चहा निवेपर्यंत ते बशीकडे बघत राहिले.

"स्टँडवर एक हॉटेलवाला हाय, मोठा फ्रीज हाय त्याच्याकडं. टरबूज कसं गोठवायचं ते समदं सांगून आलो त्याला. इतक्या लांब आपल्याला रोज कुठं जाणं होणार?"