पितळेतले तीन ग्रॅम

नेमबाजीच्या रेंजच्या मागे, कागदी टार्गेटांचे गठ्ठे ठेवतात त्या कोठीला लागून एक खोली आहे. खोली कसली, दार असलेलं मोठं कपाटच म्हणा. एक टेबल, वस्तू घट्ट धरायला टेबलाला पक्का बसवलेला व्हाइस, वर वाकणारा दिवा आणि भिंतभर छोटे छोटे खण. प्रत्येक खणात स्प्रिंगा. काही तर इतक्या बारीक की शिंक आली तर आठवड्याचं काम गेलं म्हणून समजा. या खोलीत गेली एकतीस वर्षं ग्रॅमकाका बसतात. खरं नाव ओळखपत्रावर आहे, पण त्या नावाने त्यांना हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही.

ग्रॅमकाका हे नाव नेमबाजांनी ठेवलं आणि ते चपखल बसलं. बटाट्यांची पिशवी हातात धरून हा माणूस दुकानदाराला म्हणायचा, "वीस ग्रॅम कमी आहेत." दुकानदार पिशवी पुन्हा काट्यावर ठेवायचा, तोंड वाकडं करायचा आणि एक बारकासा बटाटा आत टाकायचा. एकट्या माणसाला वीस ग्रॅम बटाट्याचं काय करायचंय, हे मात्र दुकानदाराने कधी विचारलं नाही.

त्यांचं काम असं. स्पर्धेतल्या हवेच्या पिस्तुलाचा चाप किती हलका असावा याला नियम आहे. पाचशे ग्रॅम. त्याहून हलका चालत नाही. तपासणीच्या टेबलावर पिस्तुलाची नळी वर करतात, चापाला पाचशे ग्रॅमचं वजन अडकवतात आणि सावकाश उचलतात. वजन अधांतरी राहिलं आणि चाप सुटला नाही तर पास. सुटला तर आणखी दोनदा बघतात, आणि मग घरचा रस्ता. आता नेमबाजाला चाप जितका हलका तितका बरा, कारण बोटाने जोर केला की हात हलतो. त्यामुळे सगळी कारागिरी त्या पाचशेच्या उंबरठ्यावर. बाकीचे कारागीर पाचशे वीसवर थांबत आणि सुखाने जेवत. ग्रॅमकाका पाचशे एकवर थांबत.

त्यासाठी चापामागच्या खटक्याची कड भिंगाखाली दगडावर घासायची, स्प्रिंगचा पाव वेढा कमी करायचा, स्क्रू केसभर फिरवायचा, वजन उचलून बघायचं, पुन्हा केसभर फिरवायचा. मनासारखं झालं की स्क्रूच्या डोक्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. कुणी स्क्रूला हात लावला तर ठिपका तडकतो आणि पुढचा वाद मिटतो. नेलपॉलिशची बाटली त्यांच्या बायकोची. ती गेली तेव्हा मुलगी अकरा वर्षांची होती आणि बाटली जवळजवळ भरलेली होती.

मुलगी त्याच टेबलाखाली अभ्यास करत वाढली. पुढे नेमबाज झाली, आणि साधीसुधी नाही. दुसऱ्यांची पिस्तुलं म्हणजे ग्रॅमकाकांचं काम होतं, तिचं पिस्तूल म्हणजे त्यांचा जीव. संध्याकाळी बापलेक समोरासमोर बसत. ती रिकामा चाप ओढून बघे आणि म्हणे, "बाबा, सुटताना किंचित घासतोय." हे पुन्हा भिंग डोळ्याला लावत. घरात बोलायला दुसरा विषय नव्हता आणि दोघांना त्याची गरजही वाटत नव्हती.

मग निवडीची मोठी स्पर्धा आली. स्पर्धेआधी हवं त्याने आपलं पिस्तूल वजनाच्या टेबलावर तपासून घ्यावं, अशी सोय असते. सगळे तपासून घेतात, आणि चाप हलका भरला तर तिथेच स्क्रू फिरवून घेतात. तिने नाही घेतलं. बाबांनी केलंय म्हटल्यावर तपासायचं काय? आयुष्यात खेळली नव्हती अशी ती त्या दिवशी खेळली. शेवटची गोळी झाली, तपासनिसाने तिचं पिस्तूल मागितलं, वजन अडकवलं, उचललं. चाप सुटला. तिन्ही वेळा सुटला. तिचे सगळे गुण पुसले गेले.

घरी येऊन तिने पिस्तूल टेबलावर ठेवलं. "बाबा, तीनदा सुटला."

अशा वेळी माणसाने गप्प बसावं, पाण्याचा पेला पुढे करावा. ग्रॅमकाका म्हणाले, "तू स्क्रूला हात लावला असशील."

"ठिपका बघा."

"काय बघायचंय? पंचवीस वर्षं करतोय मी हे."

त्यांनी बघितलं नाही. तीन आठवड्यांनी तिने दुसऱ्या गावात नोकरी धरली. खेळ सोडला, पिस्तूल मात्र बॅगेत घालून नेलं. घरातून निघताना माणूस 'येते' म्हणतो. ती 'जाते' म्हणाली.

ती गेल्यावर एक दिवस ग्रॅमकाका शनिवारचं काम करत होते. शनिवारचं काम म्हणजे वजन घासणं. त्यांचं वजन स्वतःचं होतं. पितळी, पाचशे ग्रॅमचं, कामाला लागले त्या वर्षी घेतलेलं. खटके घासायच्या पेस्टनेच ते दर शनिवारी त्याला असं चकचकीत करत की त्यात तोंड दिसावं. दुसरे लोक आपली वजनं वर्षातून एकदा तपासायला पाठवतात. हे म्हणत, "माझं वजन मला माहीत आहे." त्या शनिवारी घासून झाल्यावर फडक्यावरचा पिवळट काळा डाग त्यांना दिसला. डाग नेहमीचाच होता. पण तो कुठून येतो हा विचार पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच डोक्यात आला.

ते कोपऱ्यावरच्या सोनाराकडे गेले. सोनाराने वजन काट्यावर ठेवलं आणि आकडे स्थिरावायच्या आधीच म्हणाला, "चारशे सत्त्याण्णव." ग्रॅमकाकांना त्या घाईचा राग आला. त्यांनी पुन्हा ठेवायला लावलं. चारशे सत्त्याण्णवच. म्हणजे त्यांचं पाचशे एक हे खरं चारशे अठ्ठ्याण्णवच होतं. पोरीच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस त्यांनी शनिवारी शनिवारी फडक्याने पुसून टाकला होता.

मग फोन करून सांगायला काय झालं होतं? काहीच नाही. फोन होता, नंबर पाठ होता. दोन-तीन महिन्यांनी बोलणंही व्हायचं. "बरी आहेस ना?" "बरी आहे. तुम्ही?" "बरा आहे." तिथून पुढे जीभ उचलत नसे. आज नको, पुढच्या वेळी, असं म्हणता म्हणता सहा वर्षं गेली. ग्रॅमकाकांनी नवीन वजन आणलं, दरवर्षी तपासून घेऊ लागले आणि ते कधीही घासलं नाही. जुनं वजन खणात ठेवून दिलं. घरी दोन खुर्च्या होत्या, त्यातल्या एकीवर वर्तमानपत्रांची रास चढत गेली. दुपारचा डबा ते खोलीचं दार लावून खात. भिंतीपलीकडून पिस्तुलांचे फट्-फट् आवाज येत, आणि कुणाचा चाप जड आहे हे त्यांना नुसत्या लयीवरून कळे. सांगणार कुणाला?

परवाच्या मंगळवारी कोचबाई आल्या. या बाई दार वाजवत नाहीत, थेट बोलायला लागतात. "काका, हे घ्या. तुमच्या लेकीने पाठवलंय. पुन्हा खेळायचं म्हणते. रविवारी पहिली मॅच."

"ती आलीय?"

"नाही हो. पिस्तूल आलंय." बाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाल्या, "चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. मी बघितलं."

बाई गेल्यावर त्यांनी पेटी उघडली. तेल सुकून चिकट झालं होतं, मुठीवर तिच्या अंगठ्याची झीज तशीच होती. दिवा खाली ओढून त्यांनी स्क्रू बघितला. लाल ठिपका. भिंग लावून बघितला, फिरवून फिरवून बघितला. अखंड. सहा वर्षांपूर्वी एवढं केलं असतं तर? ग्रॅमकाका त्या कपाटाएवढ्या खोलीत रडले. रडताना खाली वाकून रडले, कारण वर स्प्रिंगा उघड्या होत्या.

मग कामाला लागले. चिकट तेल धुतलं, मरगळलेली स्प्रिंग काढून नवी घातली, खटक्याची कड पुन्हा नीट केली. ठिपका त्यांनी स्वतःच्या हाताने फोडला. पाचशे एकवर स्क्रू आला आणि हात थांबला. नवं वजन तपासलेलं होतं, पितळ नव्हे, स्टीलचं होतं. तरीही भरवसा वाटेना. पाचशे पाच केलं. पाचशे दहा. शेवटी पंधरावर आले, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. बाटलीत नेलपॉलिश घट्ट झालं होतं, त्यात दोन थेंब थिनर घालून ठिपका दिला.

पेटी बंद करण्याआधी खणातून जुनं पितळी वजन काढलं आणि पिस्तुलाशेजारी ठेवलं. चिठ्ठी लिहायला दुपार गेली. चार कागद फाडले. पाचव्यावर एवढंच उरलं: 'हे वजन चारशे सत्त्याण्णव भरतं. मला सहा वर्षं माहीत आहे. तू स्क्रूला हात लावला नव्हतास.'

पेटी कोचबाईंच्या हाती परत गेली. रविवारी मॅच तिच्या गावी होती आणि इथली रेंज बंद होती. तरी ते खोलीत येऊन बसले, कारण घरी बसून तरी काय वेगळं? डबा उघडलाच नाही. चारच्या सुमारास फोन वाजला.

"पास झालं," ती म्हणाली.

"मॅच?"

"मॅच बरी झाली. सहा वर्षांनी जशी होईल तशी. वजनात पास झालं."

ग्रॅमकाकांना म्हणायचं ते चिठ्ठीत म्हणून झालं होतं. मग तीच म्हणाली, "वजनाचं मला माहीत होतं, बाबा."

"काय माहीत होतं?"

"जायच्या आधी ते वजन मीच नेलं होतं. कोपऱ्यावरच्या सोनाराकडे."

आकडे स्थिरावायच्या आधी बोललेला सोनार ग्रॅमकाकांच्या डोळ्यांसमोर आला. "मग बोलली का नाहीस गं?"

"तुम्ही म्हणाल म्हणून थांबले होते."

सहा वर्षं. एकच गोष्ट दोघांना माहीत, आणि दोघं दोन गावांत 'बरी आहे, बरा आहे' करत बसलेले. "चुकलं माझं," ते म्हणाले. तोंडाने म्हणायचं तेवढं राहिलं होतं.

"हं," ती म्हणाली. नंतर आवाज जरा बदलला, संध्याकाळी टेबलासमोर बसून बोलायची तसा. "चाप जड आहे. पंधरा ग्रॅम तरी जास्त असेल."

"भीती वाटली."

"कळलं मला. पहिल्याच गोळीला कळलं. पाचशे एकवर आणा."

"आणतो. तू येशील घेऊन?"

पलीकडे कुणीतरी तिला हाक मारत होतं. "बाईंच्या हाती पाठवते," ती म्हणाली. "ते वजन राहू दे माझ्याकडे." आणि फोन ठेवताना म्हणाली, "येते."

ग्रॅमकाकांनी फोन टेबलावर ठेवला. मग सवयीने त्यांचा हात फडक्याकडे आणि तिथून नव्या वजनाकडे गेला. मध्येच त्यांनी तो मागे घेतला. फडकं घडी करून खणात ठेवलं, दिवा बंद केला आणि दुसऱ्या खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलायला घरी गेले.