गालावर उतरलेली रेघ

काळ्या रंगाचा डबा उघडला, की तो वास मला अजून त्याच दुपारी नेतो. पेणला माझ्या गणपतीच्या कारखान्यात रोह्याहून येणारी एक बाई मूर्तींचे डोळे आखायची. पंधरा वर्षांत तिला एकही रेघ पुसावी लागली नव्हती. एकदा घरी जाताना कोणीतरी गळ्याला सुरा लावून तिचं मंगळसूत्र ओढून नेलं. अंगावर ओरखडा नव्हता, पण ती कामावर येईना. सरकारी भरपाईच्या अर्जाला जोडायला तिने मालक म्हणून माझं पत्र मागितलं. मी कामगारांची सरकारदरबारी नोंद केली नव्हती, म्हणून चौकशीच्या भीतीने मी लिहिलं, ‘इजा नाही, काम स्वखुशीने सोडलं.’ त्या पत्रामुळे अर्ज अडला, तेव्हा एका दुपारी ती आली. “धडधाकट तर दिसतेस गो,” मी म्हणालो. तिने ब्रश घेतला आणि एका मूर्तीचा डोळा आखायला बसली. मागून कोणीतरी चालत गेलं. नुसत्या पावलांनी तिचा हात असा उडाला, की रेघ पापणीवरून थेट गालावर उतरली. “आता लिवा शेठ, जखम हाय का नाय.”  मी नवं पत्र तिथेच लिहून दिलं. ती पुन्हा कामावर आली नाही. त्या मूर्तीचा दुसरा डोळा आजही कोराच आहे.