थोरलीला दुखत नव्हतं

लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत डागांचं टेबल होतं आणि त्या टेबलावर थोरलीचं राज्य. शाई, वंगण, रक्त, काहीही पुढ्यात टाका. गिऱ्हाईक खिशात पावती चाचपडतंय तोवर डाग पसार. रक्ताला गार पाणी, तेही लगेच, हे ती नव्या बायकांना असं दटावून सांगायची की डागही घाबरून सुटावा.

शेजारी तिची धाकटी जाऊ इस्त्री करायची. म्हणजे महिन्यातले चार-पाच दिवस सोडून. त्या दिवसांत बाईसाहेब पोटाला गरम पाण्याची पिशवी धरून कपड्यांच्या ढिगावर आडव्या, आणि इस्त्री थोरलीच्या गळ्यात.

"राणीसाहेब, उशी देऊ?"

"द्या की. आणि जरा हळू बोला वहिनी, तुमच्या आवाजानं कळ येते."

धाकटीच्या गर्भपिशवीचं आतलं अस्तर पिशवीच्याच भिंतीत शिरलंय, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. नाव लांबलचक होतं, अ‍ॅडेनोमायोसिस. पण साधा आजार, जिवाला धोका नाही. घरच्यांनी नेमकं तेवढंच उचललं. सासूबाई म्हणाल्या, "बघ, काही नाहीये तुला. थोरलीकडून शीक जरा." थोरली मान खाली घालून भाजी चिरत राहिली, पण कान सुखावले.

धाकटीनं मात्र दवाखान्याचा उंबरा झिजवला. शेवटी पिशवीच काढली. काढलेली पिशवी तपासायला पाठवली, तर अस्तरात कॅन्सर निघाला, अगदी बारीक, जागच्या जागी. पिशवीबरोबर तोही गेला. थोड्याच दिवसांत धाकटी पुन्हा इस्त्रीला उभी.

थोरलीनं आपल्यापुरता निकाल लावून टाकला. दुखणं चिघळलं आणि त्याचा कॅन्सर झाला. ज्याला दुखतच नाही, त्याचं काय चिघळणार?

तिची पाळी जाऊन चार वर्षं झाली होती. एका सकाळी परकरावर डाग दिसला. डोक्यात काही यायच्या आत हात नळाखाली. गार पाणी, लगेच. पुन्हा दिसला, पुन्हा धुतला. दोरीवर तिचे परकर असे लख्ख वाळायचे की घरात कुणाला वास लागू नये. एकदा धाकटीनं तिला नळावरच पकडलं.

"हे काय वहिनी?"

"उष्णतेचं असेल."

"पाळी गेल्यावर कसली उष्णता? उद्या दवाखान्यात चला माझ्याबरोबर."

"मला दुखत नाहीये. तुझ्यासारखी हौस नाही मला."

धाकटीनं पुन्हा विषय काढला तेव्हा थोरलीनं बोलणंच टाकलं. वर्षभरानं कंबर धरली, पाय सुजले, मग दवाखान्यात गेली. तोवर कॅन्सर पिशवीबाहेर पडून ओटीपोटातल्या गाठींत पोचला होता.

"डॉक्टरीणबाई, हिचं एवढं दुखणं, तरी ही सुटली," थोरलीनं धाकटीकडे बोट केलं. "मला तर काहीच नव्हतं."

"त्या दुखण्याचा कॅन्सर झाला नव्हता. दोन्ही एकाच पिशवीत होते, एवढंच. ते दुखणं असलेल्या बायकांचा कॅन्सर बरेचदा लवकरच्या पायरीवर सापडलेला दिसतो. का, ते पक्कं सांगता येत नाही. एक कारण असंही असेल की त्या तपासायला येतात. पाळी गेल्यावर डाग दिसला की दुखो न दुखो, यायचं असतं."

थोरलीनं आयुष्यभर जिला नाटकी म्हटलं, ती बाजूला बसून तिची औषधं पिशवीत भरत होती.

किरणांचे शेक सुरू झाले. भेटायला येणाऱ्यांना नवरा खुर्ची सरकवून कौतुकानं सांगायचा, "एवढं झालं, पण तोंडातून हूं नाही. फार सोशिक हो आमची."

चौथ्या की पाचव्या पाहुण्याला तो हेच सांगायला लागला तेव्हा थोरलीनं डोळे उघडले.

"पुरे करा," ती म्हणाली. "त्या कौतुकापायीच तर इथे पडलेय."

नवरा ओशाळला. पाहुण्याला म्हणाला, "औषधांनी चिडचिडी झालीय जरा."