आधीचा फोटो

ताई त्या दवाखान्यात चालत गेली होती. हे आधी लिहून ठेवते, कारण पुढे सगळं त्यावरच अडलं.

माझ्या मोठ्या बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस होता. वायरीवरचं रबर सोलावं तसं शरीर आपल्याच नसांवरचं आवरण कुरतडतं. कधी तिचा एक डोळा अंधुक व्हायचा, कधी पाय जड पडायचे. काही आठवड्यांनी पुष्कळसं आपोआप परतही यायचं. मुंबईच्या सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं होतं, "स्टेम सेलने नसा दुरुस्त करायचे प्रयोग चालू आहेत. उद्या जमेलही. आज माझ्याकडे द्यायला ते नाही."

ताईला आज हवं होतं. त्यातच कामतघरच्या आमच्या घरात पेपरातून पत्रक पडलं: 'स्टेम सेल इंजेक्शन! मेलेल्या नसा पुन्हा जिवंत!' लूमवर, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, कामगारांना पिण्याचं पाणी मिळावं म्हणून मी स्वतः पत्रकं लिहायचे. उद्गारचिन्ह कुठे आणि का ठोकतात, हे मला कळतं. म्हटलं, "थोतांड आहे."

ताई उसळली, "तुजी पत्रकं खरी न यांची खोटी, व्हय गो? तुज्या पत्रकानं लूमवर पानी आलं का?"

नव्हतं आलं. दुसऱ्या दिवशी आम्ही रिक्षाने त्या पत्रकातल्या दवाखान्यात गेलो.

ताई माझ्या खांद्यावर हात ठेवून आत शिरली. कुणी तपासण्याआधीच तिथल्या एका माणसाने व्हीलचेअर पुढे ढकलली. "बैठिए मॅडम, पहले का फोटो लेना है. बाद का चलते हुए लेंगे."

"मैं चलके आयी ना?"

"फोटो में अच्छा दिखता है."

दमली होती, बसली. बसल्या जागेवरून भिंतीकडे बघत राहिली. बरे झालेल्यांचे फोटो लावले होते. माणसं वेगवेगळी, पण 'आधी'च्या प्रत्येक फोटोत खुर्ची एकच, खुर्चीच्या हाताला हिरवी चिकटपट्टी लावलेली. ताईने आपल्या हाताखालची पट्टी चाचपली आणि उठली.

"चल गो. हे माजंच चालनं इकतील."

बाहेर आल्यावर ती रिक्षात रडली. मला जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. ज्या संशोधनाची आम्ही वाट बघत होतो त्याचंच नाव चोरून हे धंदा करत होते, आणि माझ्या बहिणीची शेवटची आशा त्या चोरांकडे होती.

पुढे तिचे पाय बरेच सुधारले. इंजेक्शनाशिवाय. घेतलं असतं, तर ती चाल त्यांच्या भिंतीवर लागली असती.

दोन वर्षांनी मात्र पाय गेले ते परतले नाहीत. घरात खुर्ची आली. पहिल्या दिवशी ताईने केस नीट केले, पदर सारखा केला आणि मला म्हणाली, "तुजा क्यामेरा आन."

"कशाला?"

"काड फोटू. ह्यो खरा आदीचा हाय."

मी काढला. डॉक्टरीणबाईंचं 'उद्या' अजून आलेलं नाही. तिच्या अल्बमात त्या फोटोच्या शेजारची 'नंतर'ची जागा आम्ही कुणाला भरू देत नाही.