चार ते आठ ओझं

नानांबद्दल लिहायला मी योग्य माणूस नाही, हे आधीच सांगतो. मी त्यांच्या नात्यातला नाही, त्यांच्या गावचा नाही. तीन वर्षं त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहिलो, एवढाच संबंध. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, त्यामुळे परीक्षेतल्या उत्तरांपलीकडे काही लिहायची सवय नाही. नानांना चाळीस वर्षं ओळखणारी माणसं नाशिक रोडला आहेत, खरं तर त्यांनी लिहायला हवं. पण ती लिहिणार नाहीत, आणि मला एक गोष्ट सांगून टाकल्याशिवाय बरं वाटणार नाही. कुठं चुकलं तर सांभाळून घ्यावं.

हातात येईल ती वस्तू नाना तोलायचे. बटाटा असो, कुलूप असो, त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा चष्मा असो. तळहातावर घ्यायचे, डोळे बारीक करायचे आणि वजन सांगायचे. मी गावाहून, हरसूलहून, सामान घेऊन आलो त्या दिवशी त्यांनी माझं फिजिक्सचं पुस्तक उचललं. "वीस ओझं," ते म्हणाले. "वाचणार हाय का नुसतं उचलणार?" मला वाटलं, गंमत करताहेत. पुढं कळलं की ओझं हे त्यांचं मापच होतं.

ते माप आलं होतं त्यांच्या काठीवरून. नाना एका कारखान्यात फिटर होते. जहाजावर नोकरी करणाऱ्या मेव्हण्यानं त्यांना परदेशातून एक गळाची काठी आणून दिली होती. दोन तुकड्यांची, जोडली की बारा फूट. समुद्राच्या काठावर उभं राहून लाटांपलीकडे गळ फेकायची काठी, आणि राहायला नाशिक रोड! वर्षातून एकदा, थंडीत, चौघं मित्र जीप करून जव्हारमार्गे डहाणूच्या किनाऱ्याला जायचे. बाकीचं वर्ष नाना कॉलनीमागच्या मैदानावर गळाऐवजी नुसतं शिशाचं वजन बांधून फेकायचा सराव करायचे. म्हणून त्यांचं नाव पडलं फेकनाना. शेजारच्या गल्लीतले सलीमभाई टेलर त्यांचे जुने दोस्त. ते हटकून विचारायचे, "काय नाना, आज काय फेकणार? शिसं का थापा?" नाना म्हणायचे, "तू हायेस तोवर थापा तुझ्याकडं."

काठीच्या मुठीवर छापलं होतं, चार ते आठ, आणि पुढे इंग्रजीत ओ आणि झेड. नाना ते सरळ ओझं असं वाचायचे. "साहेबानं आपलाच शब्द उचललाय बघ," मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात दाखवलं. "एक ओझं म्हणजे अठ्ठावीस ग्रॅम, मेव्हण्यानं सांगितलंय." मला ओझेड म्हणजे औंस हे ठाऊक होतं. पण त्यांचा आनंद बघून मी काही बोललो नाही. तेव्हाच बोलायला हवं होतं, एकट्यात.

आकड्याचा अर्थ मात्र त्यांच्याइतका कुणालाच कळला नव्हता. एका संध्याकाळी त्यांनी माझ्या हातात काठी दिली आणि एक ओझ्याचं शिसं बांधलं. मी सगळा जोर लावला. शिसं वीस पावलांवर पडलं. "काठीला कळलंच नाय तू तिला काही दिलंय ते," नाना म्हणाले. "ती वाकली पायजे. वाकली तरच फेकते." मग त्यांनी सहा ओझ्याचं बांधलं. या वेळी काठी मागं धनुष्यासारखी वाकली, हातातून काहीतरी ओढून नेल्यासारखं झालं आणि शिसं पार मैदानाच्या कुंपणाशी गेलं. मी तसाच उभा राहिलो. पुस्तकातली स्प्रिंग मला त्या दिवशी पहिल्यांदा समजली.

आठाच्या वर ते कधीच जायचे नाहीत. याआधीची एक काठी त्यांनी कारखान्यातला मोठा नट बांधून फेकली होती. ती दोरी ओवायच्या वरच्या कडीपाशी मोडली, तो तुकडा अजून त्यांच्या खिळ्यांच्या डब्यात होता. आणि आमिष मोजायला विसरायचं नाही, हा नियम. "बांगड्याचा तुकडा काय वाऱ्यावर उडत जातो का? तोबी त्यातच धरायचा. आठाची काठी हाय तर सहाचं शिसं आणि एकाचा बांगडा. एक राहू द्यावं शिल्लक."

दुसऱ्या वर्षी मी एका विषयात नापास झालो. गावी परत जावं, वडिलांबरोबर शेतीला लागावं, असं मनात होतं. पिशवी भरत होतो तर नाना वर आले आणि पिशवी हातात धरून तोलली. मग म्हणाले, "तुला अजून वाकवलंच नाय कुणी. बस जरा." मी बसलो आणि राहिलो. जास्त काही झालं नाही, पण मी आज शिकतो आहे तो त्या बसण्यामुळे.

आता ती गोष्ट. तिसऱ्या वर्षीच्या थंडीत डहाणूला जायचं ठरलं. त्या खेपेला बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब नव्यानं बरोबर निघणार होते. ते नवी काठी घेऊन अंगणात आले आणि तक्रार करू लागले, "दुकानदारानं फसवलं हो. यावर शंभर ते दोनशे ग्रॅम लिहिलंय. पाव किलोचा मासासुद्धा पेलणार नाही ही." सलीमभाई हसता हसता खालीच बसले. नाना खुर्चीतूनच म्हणाले, "साहेब, तो आकडा पेलायचा नाय, फेकायचा. मासा पाच किलोचा आला तरी ती आणंल, हळूहळू. माझीबी तेवढीच हाय. चार ते आठ ओझं."

"ओझं म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

आणि मी बोललो. मला वाटतं, मला ठाऊक आहे हे कुणाला तरी दाखवायचं होतं. "ते ओझं नाही नाना, औंस आहे. ओझेड म्हणजे औंस."

साहेब मोठ्यानं हसले. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. सलीमभाई हसले नाहीत. नाना माझ्याकडे बघत राहिले. "असंल," ते म्हणाले. मग सलीमभाईंकडे वळून, "तुम्ही जा. मी नाय येत यंदा."

सलीमभाईंनी समजावलं, साहेबांनी माफी मागितली. नाना उठून आत गेले. त्यानंतर मी तिथं होतो तोवर त्यांनी काठी बाहेर काढली नाही. माझ्याशी बोलायचे, चहाला हाक मारायचे. पण मैदानाकडे कधी वळले नाहीत आणि वस्तू तोलणंही थांबलं. मी रोज ठरवायचो की आज पाय धरायचे. जिन्यापर्यंत जायचो आणि कुठल्या शब्दानं सुरुवात करू ते सुचायचं नाही. एका माणसाचा समुद्र मी एका शब्दानं काढून घेतला, असं मला वाटत राहिलं. परीक्षा झाली, पुढच्या शिक्षणासाठी मी पुण्याला आलो. निघताना नमस्कार केला तेव्हाही ते शब्द तोंडातच राहिले.

गेल्या महिन्यात काकूंचा फोन आला. नाना गेले होते, त्याला पंधरा दिवस झाले होते. माझा नवा नंबर त्यांना सलीमभाईंकडून मिळाला. मला रडू आवरेना. मी काकूंना सगळं सांगितलं, ते अंगण, तो शब्द, माझी चूक.

काकू म्हणाल्या, "येड्या, त्याच्या आधी महिनाभर त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. डॉक्टरनं सांगितलं होतं, आता फेकणं बंद. दोस्तांना कसं सांगावं, हेच त्यांना कळंना. तू बोललास आन् त्यांना रुसायला जागा मिळाली. आत येऊन मला म्हणाले, 'पोरगं लय वेळेवर बोललं.' मी म्हटलं, त्याला सांगा तरी, तो जिवाला लावून घेईल. तर म्हणाले, परीक्षा होऊ दे त्याची, मग सांगू."

"मग?" मी विचारलं.

"मग राहूनच गेलं रे," काकू म्हणाल्या.