उघाडीची फळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पापस्वीकाराला गुडघे टेकले तेव्हा फादरनाही नाही. आणि पश्चात्तापाची प्रार्थना सगळ्यांच्या पुढे उभा राहून म्हणायचो मीच — आहे की नाही गंमत?

आम्ही सहा ख्रिस्ती घरं. खाडीकाठच्या त्या पडीक खारात पहिल्यांदा राहायला गेलो ते आम्हीच. चिखल डोक्यावरून वाहून बांध घातला. जमिनीतलं मीठ धुऊन जायला तीन पावसाळे लागले. चर्च लांब, फादर अलिबागेहून महिन्यातून एकदा यायचे. म्हणून रोज संध्याकाळी क्रुसापुढे प्रार्थना मी म्हणायची आणि बाकीच्यांनी माझ्या मागून. मला ते फार आवडायचं, हेही सांगून टाकतो.

बांधात उघाडी होती — शेतातलं पाणी खाडीत सोडायचं दार. भरतीआधी तिची फळी खाली बसवायची, नाहीतर खारं पाणी आत. त्या शनिवारी पाळी पास्कूची. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, साधा माणूस. त्याने सकाळीच फळी बसवली. मी डोळ्यांनी पाहिलं.

मग? मग मी ती उचलली. रविवारी फादर माझ्याकडे जेवायला येणार होते, आणि उघाडीच्या तोंडाशी जाळं लावलं की कोळंबी मिळते. मिळालीही, टोपलीभर. त्या खुशीत घरी आलो, आणि फळी — राहिली तशीच, वर.

दुपारी उधाण आलं. आमचं पहिलं भात, नुकतं निसवून लोंब्या धरलेलं, सहाही घरांचं, खाऱ्या पाण्यात बुडालं. बायका बांधावर बसून रडल्या. पास्कूला कुणी शिवी दिली नाही, पण बोलणं बंद केलं. दुसऱ्या दिवशी फादरनी कोळंबी दोनदा वाढून घेतली. तेव्हा मला बोलता आलं नसतं का? आलं असतं. संध्याकाळी मी काय केलं, माहीत आहे? देवा, आमच्या पास्कूला क्षमा कर, असं मोठ्याने म्हणालो. सगळे आमेन म्हणाले.

पुढे भात आलं, लोकही बोलू लागले. पण पाळी कुणाचीही असो, पास्कू भरतीआधी जाऊन फळी हाताने चाचपून यायचा. मरेपर्यंत. गेल्या महिन्यात तो गेला. मातीच्या वेळची प्रार्थनाही मीच म्हटली.

आणि एक राहिलं — हे लिहायला हात धजत नाही. त्या रविवारी फादर जेवून गेल्यावर पास्कू माझ्या अंगणात आला होता.

"फळी बसवली आसं वाटतंय रं, पन बसली नसंल. माझीच चूक. ती पस्ताव्याची प्रार्थना मला नीट शिकव. मधलं आठवत न्हाय."

मी शिकवली. एकेक ओळ, त्याच्याकडून घोटून घेऊन. त्यात ‘माझा अपराध’ म्हणताना छातीवर तीनदा हात मारायचा असतो. तो हळूच मारत होता.

"आसं न्हाय, पास्कूभाऊ," मी म्हणालो. "जोरात मारायचं."

त्याने जोरात मारलं.